लशीची बॅच पास-नापास ठरवायला उंदरावर किती भरवसा ठेवायचा?

मोजमाप
नमस्कार मंडळी. लशींच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये आकडेमोडीचं काम करते. लोकांच्या तोंडून दोन गोष्टी सतत ऐकू येतात. एक, "प्रत्येक बॅच आधी प्राण्यांना टोचून बघतात, मग काळजी कसली". दुसरी, "उंदराचं आणि माणसाचं काय घेणंदेणं, सगळं थोतांड आहे". मला दोन्ही पटत नाहीत, आणि का पटत नाहीत ते नीट लिहावंसं वाटलं म्हणून धागा काढतेय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

रेबीजच्या लशीचं उदाहरण घेते कारण त्यात सगळं उघड दिसतं. मारलेल्या विषाणूची लस असते ही. तिची ताकद मोजायची जुनी पद्धत म्हणजे एनआयएच टेस्ट, एनआयएच ही अमेरिकेची सरकारी आरोग्य-संशोधन संस्था, तिच्या नावानं ओळखतात. लशीची तीन-चार डायल्यूशन करायची, म्हणजे ती कमी-जास्त पातळ करायची, एकेक डायल्यूशन उंदरांच्या एकेका गटाला पोटात टोचायचं, सात दिवसांनी परत तेच, आणि चौदाव्या दिवशी सगळ्यांच्या थेट मेंदूत जिवंत रेबीजचा विषाणू सोडायचा. त्यासाठी सीव्हीएस नावाचा ठरलेला स्ट्रेन आहे. मग पुढचे चौदा दिवस कोण जगतं कोण मरतं ते मोजायचं. शेजारी असंच सगळं रेफरन्स लशीचं, जिची ताकद आधीच ठरवून ठेवलेली असते. निम्मे उंदीर कुठल्या डायल्यूशनला वाचले ते दोन्हीकडे काढायचं आणि त्यांच्या गुणोत्तरावरून आपल्या बॅचची ताकद सांगायची, आययू म्हणजे आंतरराष्ट्रीय एककांमध्ये. एका डोसला किमान २.५ आययू पाहिजे. एका टेस्टला शंभराच्या वर उंदीर सहज जातात.

आता खरी गोम. नियम असा की काढलेल्या आकड्याच्या कॉन्फिडन्स लिमिट (ज्या दोन टोकांच्या मध्ये खरी ताकद असायची दाट शक्यता असते ती टोकं) त्याच आकड्याच्या २५ टक्के ते ४०० टक्क्यांच्या आत बसल्या की टेस्ट ग्राह्य. म्हणजे माझं उत्तर ४ आलं तर खरी ताकद १ ते १६ मध्ये कुठेही असू शकते आणि तरी कागदोपत्री सगळं बरोबर! १ म्हणजे सरळ नापास, १६ म्हणजे गरजेच्या सहापट. आणि हे कोणी हलगर्जीपणा केला म्हणून नाही, सगळं काटेकोर केलं तरी होतं. एका उंदराकडून माहिती मिळते ती एवढीच, जगला किंवा मेला. गटात दहा-पंधरा उंदीर, एखाददुसरा इकडचा तिकडे झाला की वक्ररेषा सरकते आणि उत्तर बदलतं.

अश्विनी०७
बाप रे. म्हणजे माझ्या मुलाला कुत्रा चावला आणि मी लस द्यायला नेलं तर त्या बाटलीत काय आहे हे कोणालाच नक्की माहीत नाही असं म्हणायचंय का तुम्हाला? हे वाचून लोक लस घ्यायचेच नाहीत ताई.

मोजमाप
अश्विनी, नाही, आणि हे तुम्ही लगेच विचारलंत ते फार बरं झालं. कुत्रा चावला तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायची, यात शंकेला जागाच नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस जवळपास वाचतच नाही.

मी म्हणतेय ते उंदराच्या टेस्टबद्दल, लशीबद्दल नाही. बाटलीत काय आहे हे कळायला बाकी भरपूर गोष्टी आहेत. विषाणू किती वाढला, मारण्याआधी त्याचं प्रमाण किती होतं, मारल्यानंतर जिवंत काही उरलंय का हे पेशींवर वाढवून बघितलेलं असतं, शुद्धीकरणानंतर ग्लायकोप्रोटीन (विषाणूच्या बाहेरच्या बाजूचं प्रोटीन, लशीचा खरा कामाचा भाग) किती मिळालं, जंतुविरहित आहे का, आणि हे सगळं आधीच्या बॅचशी जुळतंय का. बॅच सुरक्षित आणि दमदार असते ती या साखळीमुळे. उंदीर त्या साखळीतली एक कडी आहे, आणि माझ्या मते सगळ्यात सैल.

पशुवैद्य
मी टेस्टिंग लॅबच्या ॲनिमल हाउसला होतो पूर्वी त्यामुळे यातली हाताची बाजू सांगतो, आकडेवाल्यांना ती दिसत नाही.

मेंदूत टोचायचं म्हणजे उंदराला भूल देऊन, बारीक सुई, ०.०३ मिलि, कवटीतून आत. हात स्थिर नसेल तर उंदीर विषाणूनं मरत नाही, सुईनं मरतो. म्हणून तर नियम आहे की टोचल्यावर पहिल्या चार दिवसांत मेलेले धरायचे नाहीत, कारण रेबीजला चढायला तेवढा वेळ लागतोच. पण पाचव्या दिवशी मेलेला नक्की रेबीजनंच मेला का, हे कोण सांगणार? दोन टेक्निशियन, तीच लस, तेच उंदीर, तरी निकाल वेगळे येतात. मग उंदरांचा स्ट्रेन, नर की मादी, वय, वजन, एका पिंजऱ्यात किती, खोलीचं तापमान, पुरवठा करणाऱ्यानं जागा बदलली का, सगळ्याचा फरक पडतो. डांग्या खोकल्याच्या लशीची केंड्रिक टेस्ट पण याच जातीची, तिथेही मेंदूतच टोचायचं.

आणि एक सांगतो, पूर्वी उंदीर मरेपर्यंत थांबायचे. आता केस पिंजारले, थरथर सुरू झाली, झटके आले, पाय लुळे पडले अशा पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि ठराविक पायरी दिसली की तिथेच प्राण्याची सुटका करायची. त्यानं निकाल बदलत नाही, हे बघितलंय लोकांनी. तरी ती थरथर रोज सकाळी पिंजऱ्यापाशी उभं राहून वहीत नोंदवायची म्हणजे माणूस आतून हलतो हो. आणि हे सगळं करताना जिवंत रेबीज हाताळतोय आपण, सुई स्वतःच्या बोटात जायला क्षण पुरतो.

निरंजन_
सगळं मान्य पण एक बाजूच येतेय इथे. प्राण्यांनी खरं सांगितलेलं आहे आणि माणसांनी ऐकलं नाही असंही झालेलं आहे. १९५४ साली अमेरिकेत एनआयएचमध्ये बर्निस एडी नावाच्या शास्त्रज्ञ होत्या, त्यांच्याकडे पोलिओची नवी लस तपासायला आली, कटर कंपनीच्या लशीनं माकडं लुळी पडली. त्यांनी वर कळवलं. तरी एप्रिल १९५५ मध्ये लस बाजारात आली, बाटल्यांमध्ये जिवंत विषाणू निघाला, सुमारे २०० जण लुळे पडले, १० दगावले. माकडाचं ऐकलं असतं तर?

त्यामुळे टेस्ट ढोबळ आहे म्हणून काढून टाका हे मला नाही पटत. ढोबळ का होईना पण जिवंत शरीर आहे, ज्याचा आपण विचारच केला नाही असं काहीतरी ते दाखवू शकतं, मशीन आपण विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतं.

मोजमाप
निरंजन, शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे, त्यावर येतेच. कटरचं आधी, कारण मला ते प्रकरण उलट बाजूनंही दिसतं.

एडीबाईंच्या माकडांनी खरं सांगितलं हे शंभर टक्के. पण कंपनीनं ज्या बॅच बाहेर सोडल्या त्या तिच्या स्वतःच्या चाचण्यांत पास झालेल्याच होत्या. फॉर्मॅलिननं विषाणू मारताना तो एका सरळ रेषेत मरत जातो असं गृहीत धरलं होतं, पण प्रत्यक्षात विषाणूच्या गाठी आणि पेशींचा कचरा यांच्या आत फॉर्मॅलिन पोचत नव्हतं, त्यामुळे शेवटी थोडासा जिवंत राहायचा. कित्येक लिटरच्या टाकीत असे मोजके कण असले आणि तुम्ही थोडासाच नमुना घेतला तर माकडाला टोचा नाहीतर पेशींवर टाका, नमुन्यात कण आलाच नाही तर तो सापडणार कसा! शिवाय किती बॅच नापास झाल्या हे सरकारला कळवायचं बंधनच नव्हतं तेव्हा. दहातल्या चार नापास होत असतील तर पास झालेल्या सहांवर कोण विश्वास ठेवेल? पण ते कोणाला दिसलंच नाही. पुढे दुरुस्ती केली तीही तिथेच, गाळण वाढवलं, पेशींवर तपासायचा नमुना मोठा केला, सलग बॅच बघायला लागले.

दीपमाळ
औषधनिर्माणात आहे. निरंजन यांनी "ज्याचा विचार केला नाही ते" म्हटलंय त्यासाठी एक खास टेस्टच होती. ॲबनॉर्मल टॉक्सिसिटी टेस्ट. दोन गिनीपिग आणि पाच उंदीर, लस टोचायची, सात दिवस बघायचं, कोणी मेलं नाही तर पास.

तिचं मूळ शंभर वर्षांहून जुनं. तेव्हा घटसर्पावर घोड्यांच्या रक्तापासून सीरम करायचे. १९०१ मध्ये सेंट लुईसला जिम नावाच्या घोड्याला धनुर्वात झाला होता आणि त्याचं सीरम मुलांना दिलं गेलं, १३ मुलं गेली. त्यातूनच १९०२ चा अमेरिकेतला कायदा आला. सीरममध्ये धनुर्वाताचं विष मिसळलंय का, जंतुनाशक फिनॉल जास्त पडलंय का, हे बघायला त्या काळात गिनीपिग आणि उंदीर हाच उपाय होता, आणि तो चांगला उपाय होता. पण पुढे तीच टेस्ट लशींना लावली, इतर औषधांना लावली आणि दशकानुदशकं चालू राहिली. नापास झाली की परत करायची सोय होती, दुसऱ्या वेळी बहुतेक पास व्हायची. कारण पहिल्यांदा गिनीपिग आजारी पडला तो स्वतःच्या कारणानं. जमा झालेले निकाल लोक मागे जाऊन तपासायला लागले तेव्हा बॅच खरंच धोक्याची आहे की नाही याच्याशी त्या निकालांचा मेळ लागेना. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं, एफडीएनं, २०१५ मध्ये ती अट काढली, जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनं २०१८ मध्ये बंद करायला सांगितली, युरोपियन फार्माकोपियातून (औषधांच्या दर्जाचे नियम असलेला युरोपचा अधिकृत ग्रंथ) १ जानेवारी २०१९ पासून गेली.

खडा सवाल
माझा साधा प्रश्न. उंदीर चुकतो तर माकड वापरा ना, माणसाच्या जवळचं आहे.

दीपमाळ
वापरलीच की. गालगुंडाच्या लशीत उराबे नावाचा स्ट्रेन होता. गालगुंडाची जिवंत लस मेंदूला त्रास देते का हे बघायला माकडांच्या मेंदूत टोचून बघायची पद्धत आहे, त्यात उराबे पास होता. मुलांना द्यायला लागल्यावर काहींना मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाला सूज) व्हायला लागला, ब्रिटननं १९९२ मध्ये ती लस थांबवली. माकडाला सौम्य स्ट्रेन आणि त्रासदायक स्ट्रेन यातला फरकच नीट कळत नव्हता. नंतर नवजात उंदीरपिल्लांवरची वेगळी पद्धत निघाली, ती फरक जास्त चांगला दाखवते. म्हणजे प्राणी माणसाच्या जवळचा म्हणून जास्त भरवशाचा असं काही नाही, आपण विचारतोय ते त्याला सांगता येतं का हे बघावं लागतं.

पोलिओच्या तोंडावाटे द्यायच्या लशीत तर अजून पुढे गेलेत. टाइप ३ मध्ये विषाणूच्या जनुकात ४७२ या जागी एकच अक्षर उलटं फिरलं की तो परत जहाल व्हायला लागतो. असे किती टक्के विषाणू बॅचमध्ये आहेत ते मॅपरेक नावाच्या टेस्टनं थेट मोजता येतं. कशामुळे धोका आहे ते माहीत असेल तर माकड लुळं पडायची वाट का बघायची?

निरंजन_
कशामुळे धोका ते माहीत *असेल* तर. माझा मुद्दा तोच आहे, माहीत नसेल तेव्हा काय?

मोजमाप
हो, आणि इथे मला मनापासून वाटतं ते लिहिते.

माहीत नसलेल्या धोक्यासाठी २०१० ची गोष्ट बघा. रोटाव्हायरसची रोटारिक्स लस, प्राण्यांतल्या, पेशींतल्या, सगळ्या ठरलेल्या चाचण्यांतून वर्षानुवर्षं पास होत आलेली. एका संशोधक गटानं बाजारातल्या लशींमधलं सगळं जनुकीय साहित्य सरसकट वाचून काढलं आणि त्यात डुकरांमधला सर्कोव्हायरस सापडला. माणसाला तो काही करत नाही म्हणून नुकसान झालं नाही, अमेरिकेत काही आठवडे वापर थांबवून परत सुरू केला. पण काय शोधायचंय ते न ठरवता शोधलं सीक्वेन्सिंगनं, प्राण्यांनी नाही. प्राणी आजारी पडला तरच त्याच्याकडून काही कळतं, आणि तो आजारी पडतो ते त्याला बाधणाऱ्या गोष्टीनं.

आणि दुसरं, ही गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. लस माणसात चालते का याचा निकाल लागतो माणसांवरच्या ट्रायलमध्ये. हजारो लोकांवर एकदा ते सिद्ध झालं की त्यानंतर प्रत्येक बॅचला विचारायचा प्रश्न वेगळा असतो: ट्रायलमध्ये जी लस होती तीच ही आहे का? तेवढंच. आणि "तीच आहे का" या प्रश्नाला एक ते सोळा एवढ्या ढगळ उत्तरानं काय होणार? एखादी बॅच निम्म्या ताकदीची निघाली तर एनआयएच टेस्टला ती बहुतेक वेळा दिसणारही नाही, नेहमीच्या चढउतारात बुडून जाईल. उलट चांगली बॅच निव्वळ नशिबानं नापास होते, परत टेस्ट, अजून उंदीर, अजून महिना. ती लस तोवर कोल्ड रूममध्ये. जगात रेबीजनं वर्षाला सुमारे ५९,००० माणसं मरतात असा अंदाज आहे, त्यात मुलं खूप. लस वेळेवर न पोचणं हे सुद्धा सुरक्षिततेचंच प्रकरण आहे, याचा विचार नियम करताना फार कमी होतो आणि मला त्याचा राग येतो.

अश्विनी०७
हे आता समजलं. मग पर्याय असताना बंद का नाही करत?

मोजमाप
काही ठिकाणी केलंय. डांग्या खोकल्याच्या असेल्युलर लशीत (अख्ख्या जंतूऐवजी त्याची निवडक प्रोटीनं असलेली) जंतूच्या विषाचा अंश उरलाय का बघायला उंदरांना लस टोचून मग हिस्टामिन द्यायचे, विष शिल्लक असेल तर हिस्टामिन सहन होत नाही आणि मरतात. ती टेस्ट एका लॅबमधून दुसऱ्या लॅबमध्ये नेली की निकाल हमखास हलायचे. युरोपात २०२० पासून तिच्या जागी प्रयोगशाळेत वाढवलेल्या सीएचओ पेशी वापरतात, विष असेल तर त्या पेशी गोळा होऊन पुंजके करतात, मायक्रोस्कोपखाली सरळ दिसतं. हेपटायटिस बी च्या लशीत अँटीजेन, म्हणजे शरीर ज्याला ओळखायला शिकतं तो लशीतला भाग, एलायझानं मोजतात. एलायझा म्हणजे प्लेटवर अँटीबॉडी चिकटवून मोजायची टेस्ट. तापाची सशांवरची पायरोजेन टेस्ट पण युरोपियन फार्माकोपियानं काढली, तिच्या जागी माणसाच्या रक्तपेशींवरची टेस्ट आली.

अडतं दोन ठिकाणी. एक, लस अनेक देशांत जाते. दहा देशांनी उंदीर सोडला आणि अकराव्यानं धरून ठेवला तर त्या एकासाठी टेस्ट चालूच राहते. दुसरं जास्त अवघड. नवी पद्धत मान्य करायची तर म्हणतात की जुन्याशी जुळवून दाखवा. आता ताणलेल्या रबरी पट्टीशी स्टीलची पट्टी जुळवून दाखवा म्हटलं तर कशी जुळणार? एलायझा त्याच बाटलीला परत परत जवळपास तेच उत्तर देते, उंदीर देत नाही, मग दोघांचे आकडे जुळत नाहीत आणि दोष नव्या पद्धतीला लागतो. अशा फायली वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या बघितल्यात मी.

पशुवैद्य
पण मोजमाप, एलायझावाल्यांची दुसरी बाजू पण सांगा. ग्लायकोप्रोटीन मोजलं म्हणजे ताकद मोजली असं होत नाही. बाटली उन्हात राहिली, प्रोटीनचा आकार बिघडला, तरी ज्याला आकाराशी देणंघेणं नाही अशी अँटीबॉडी त्यालाही चिकटणार आणि आकडा छान येणार. उंदराला मात्र असली बिघडलेली लस वाचवत नाही. आणि ज्या लशीत ॲल्युमिनियमचं ॲडजुव्हंट (शरीराचा प्रतिसाद वाढवायला घातलेला पदार्थ) आहे त्यात अँटीजेन त्याला चिकटून बसतं, ते मोजायलाच त्रास, शिवाय ॲडजुव्हंटनं शरीर किती जागं झालं हे प्लेटवर कुठे दिसणार.

मोजमाप
बरोबर आहे, आणि म्हणूनच "एलायझा आली, उंदीर गेला" असं कोणी करू नये असं मला ठामपणे वाटतं. ॲडजुव्हंटचं आधी, ते किती आहे, अँटीजेन त्याला किती चिकटलंय हे वेगळं मोजतात. कुठलीही एकच टेस्ट एकटी पुरणार नाही, संच लागतो.

रेबीजसाठी अँटीबॉडी अशी निवडतात की ग्लायकोप्रोटीनच्या तीन साखळ्या नैसर्गिक आकारात एकत्र असतील तरच ती धरते, आकार मोडला की सोडते.

निरंजन_
ती धरते-सोडते हे तुम्ही ताडून कसं बघता? खराब बॅच आली आणि तिनं पकडली नाही हे कळायला खराब बॅच तर हवी हातात.

मोजमाप
मुद्दाम खराब करतो. चांगल्या बॅचच्या बाटल्या घेऊन काही ३७ अंशावर ठेवायच्या, काही अजून जास्त तापमानाला, काही थोडा वेळ, काही जास्त वेळ. काही बाटल्यांत रसायनानं प्रोटीन बिघडवायचं. काहींत अँटीजेनच कमी भरायचं, ८० टक्के, ५० टक्के. मग नंबर बदलून, कुठली कशी आहे हे न सांगता वेगवेगळ्या लॅबना पाठवायच्या. ५० टक्केवाली आणि तापवलेली बाटली प्रत्येक लॅबनं न चुकता वेगळी काढली तर ती टेस्ट मला चालेल. आणि त्याच बाटल्या एनआयएच टेस्टला पण लावायच्या, शेवटच्या वेळी. साफ मेलेली बाटली उंदीर ओळखतात, ५० टक्केवाली कधी ओळखतात कधी नाही. हे दोन्ही निकाल शेजारी शेजारी ठेवून फाइल पाठवायची, नुसतं "जुन्याशी जुळतं का" याचं कोष्टक पाठवायचं नाही.

पशुवैद्य
अशी फाइल असेल तर मी सही करीन. बिघडवलेल्या बाटल्यांचे निकाल नसतील तर नाही करणार.